कलेक्टरची झूल

बैलाच्या छातीचं माप घ्यायचं असेल तर टेप वरून, वशिंडाच्या पुढून टाकावा. पोटाखालून कधीही ओढू नये. पोटाखालून ओढला की बैलाला गुदगुल्या होतात, आणि गुदगुल्या झालेला बैल हसत नाही. ही माहिती विणकामाच्या एकाही पुस्तकात नाही. मोबाईलवर गोड आवाजात स्वेटर शिकवणाऱ्या त्या ताईंनाही ती नसावी. मला आहे. म्हणून खुशबू झोपली आहे तोवर लिहून ठेवते. खुशबू म्हणजे माझी लेक. तिला सध्या चार दात आहेत आणि चारही माझ्या लोकरीवर चालतात.

मला विणायचं वेड आहे, हे आधीच कबूल केलेलं बरं. आम्ही भंडाऱ्याजवळ वरठीला राहतो. आमच्या घरात पाण्याच्या बाटलीला झगा आहे, टीव्हीच्या रिमोटला टोपरं आहे आणि निकेशच्या हेल्मेटला आतून अस्तर आहे, मोतीदाण्याच्या विणीचं. निकेश, म्हणजे खुशबूचे बाबा, स्टीलच्या प्लँटवर जातात. तिथे हेल्मेट काढलं की मित्र विचारतात, "काय बे, बाळंतविडा घालून आला का?" तरी बिचारे घालतात. एकदाच फक्त म्हणाले होते, "घरात आता मीच तेवढा उघडा राहिलो."

शेजारच्या उषाबाईंचं मत वेगळं. "वरठीत थंडी असते तरी किती व? संक्रांत झाली का पंखा लावते तू. अन् सालभर सळया घासून राहिली! आयतं घे ना बाजारातून, धुवायले बी सोपं." उषाबाईंना कळत नाही की स्वेटर थंडीसाठी नसतोच. तो विणण्यासाठी असतो. थंडी हे निमित्त. पहिली ओळ घातली, सुलट-उलट सुरू झालं, बोटांत धागा पळायला लागला, की माझ्या पोटात जत्रेच्या पाळण्यात बसल्यासारखं होतं. आणि हे सगळं खुशबूच्या एका डुलकीत बसवायचं असतं. तिच्या पापण्या मिटल्या की मी अशी झेप घेते सळयांवर, की मांजर लाजेल.

आता मामाजींबद्दल. मामाजी म्हणजे माझे सासरे, तुलाराम. ते आणि आत्याबाई, म्हणजे सासूबाई, साकोलीकडे एकोडीला असतात. धानाची शेती आहे. एकोडीच्या आमच्या घरात सासरा सुनेशी थेट बोलत नाही. भांडण नाही, राग नाही, रीत आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा मामाजी भिंतीशी बोलायचे. "घरात चहा होऊन राहिला का कोनाचा?" असं भिंतीला विचारायचे. भिंत काही करायची नाही, मी करायची. मग खुशबू जन्मली आणि भिंतीला सुट्टी मिळाली. आता ते नातीला मांडीवर घेतात आणि सगळं तिलाच सांगतात.

"खुशबूबाई, तुया मायले सांगजो, भाजीत मीठ उलसं जास्त झालं."

खुशबू म्हणते, "ब्बा."

मी म्हणते, "खुशबू, आजोबांना सांग, उद्या कमी टाकते."

खुशबू पुन्हा "ब्बा" म्हणते. कामकाज संपतं. अडचण एवढीच, की पोरगी झोपलेली असली तर मामाजींची फार पंचाईत होते. एकदा त्यांना चहा हवा होता म्हणून त्यांनी तिच्या तळव्यावर तणसाची काडी इतक्या हळुवार फिरवली, की ती उठली तीच हसत. तणीस म्हणजे धानाचा पेंढा. तो आमच्या घरात चहाच्या घंटीसारखाही वापरतात.

माझी एकच हौस होती. या माणसानं एकदा, फक्त एकदा, मला थेट म्हणावं, "अंजू, चांगलं झालं बरं." पण त्यांना माझं नाव तरी ठाऊक आहे का, याचीच मला शंका होती. आत्याबाई मला "खुशबूची माय" म्हणतात. खुशबूच्या आधी "निकेशची बाई" म्हणायच्या. रेशनकार्डावर नाव आहे, पण मामाजी रेशनकार्ड वाचत बसत नाहीत.

तर या हौसेपायी मी त्यांना मफलर विणला. राखाडी रंग, मधोमध वेणीची वीण. दिवाळीनंतर एकोडीला गेलो तेव्हा खुशबूच्या हातून दिला. मामाजींनी तो गालाला लावला, आणि नातीला म्हणाले, "मऊ हाय व." मी स्वयंपाकघरात गेले आणि आनंदाच्या भरात भाजीत दोनदा मीठ टाकलं.

पुढच्या खेपेला गेलो, तर मफलर गोठ्यात होता. बैलाच्या गळ्यात.

मामाजींकडे शंकरपटाची जोडी आहे. शंकरपट म्हणजे आमच्याकडची बैलांची शर्यत. धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं, रिकाम्या झाल्या की गावोगाव भरते. जोडीतल्या एकाचं नाव लखन. दुसऱ्याचं कलेक्टर, कारण वासरू असल्यापासून कोणीही आलं तरी तो उठून उभा राहत नाही. तर तो कलेक्टर माझी वेणीची वीण गळ्यात घालून, डोळे अर्धे मिटून, रवंथ करत बसला होता. खरं सांगते, त्याला शोभतही होती. पण मी तशीच माघारी आले आणि निकेशला म्हटलं, "मी बैलासाठी विणलं नव्हतं."

निकेश म्हणाले, "अगं, बाबांनी मला कधी स्वतःचा दुपट्टा नाही दिला. कलेक्टरला देतात. तू पार वर गेलीस त्यांच्या नजरेत, तुला कळून नाही राहिलं."

यावर रागवावं की फुगावं हे ठरवत होते, तेवढ्यात ओसरीवरून आवाज आला. "खुशबूबाई, तुया मायले सांगजो, लखन रुसला. कलेक्टरले गलपट्टा हाय, त्याले नाई. दोन दिवस झाले, ढेप बी सुंगून सोडून देते."

ढेप म्हणजे सरकीची पेंड, ती बैल सहसा सोडत नाही. बैल रुसला तर जोडी फुटते. जोडी फुटली तर पट गेला. मी लखनचा मफलर खुशबूच्या तीन-चार डुलक्यांत उरकला. त्यावर पुन्हा निरोप आला: पटाच्या दिवशी सकाळी थंडीनं जनावरांचं अंग आखडतं, बाजारातली झूल टोचते, तर लोकरीची झूल होते का म्हणून मायले विचारजो. खुशबूनं "ब्बा" म्हणायच्या आत मी आतून ओरडले, "होते!"

इथून माझ्या हातून सगळं सुटलं.

भंडाऱ्याला लोकरीच्या दुकानात गेले. दुकानदार मोठे अगत्यशील. "बाळ केवढं आहे ताई?"

"पाच-सहा वर्षांचा."

"छाती?"

मी सांगितली. त्यांनी पेन ठेवलं, चष्मा काढला आणि हळूच विचारलं, "डॉक्टरला दाखवलं का?"

बैल आहे म्हटल्यावर त्यांना हायसं वाटलं. त्यांनी जाडजूड लोकर काढली, केशरी आणि हिरवी, आणि निघताना म्हणाले, "फोटो पाठवा, दुकानात लावतो." मी तरंगतच बस स्टँडवर आले. उत्साहात खुशबूची टोपी दुकानातच राहिली. ती परत आणायला गेले तेव्हा दुकानदार पुढच्या गिऱ्हाइकाला माझी गोष्ट सांगत होते. त्यात तोवर हत्ती आला होता.

खरी अडचण मापाची. मामाजी टेप मानत नाहीत. त्यांनी निकेशबरोबर एक कासरा पाठवला. कासरा म्हणजे बैल हाकायचा दोर. त्याला गाठी मारलेल्या: इथून इथपर्यंत पाठ, इथून इथपर्यंत पोट, ही गाठ वशिंडाची. फारच सोयीचं माप होतं. मी कासरा अंगणातल्या खिळ्याला अडकवला आणि खुशबूला आंघोळ घालायला गेले. बाहेर आले तर कासरा अंगणात आडवा बांधलेला आणि त्यावर उषाबाईंची गोधडी वाळत होती.

"तुयाकडे रिकामा दोर दिसला," उषाबाई म्हणाल्या. "माया दोर तुटला ना. पण कायच्या गाठी होत्या त्याले, चिमटे अडकत होते. सोडून टाकल्या मी. किती घट्ट व बाई, नखं दुखले माये!"

एक गाठ तेवढी वाचली होती. ती कशाची हे मी अंदाजानं ठरवलं. अंदाज असा, की पहिली झूल निम्मी झाल्यावर आम्ही ती निकेशच्या मोटारसायकलवर टाकून पाहिली, तर मोटारसायकल, शेजारची सायकल आणि सायकलवर बसलेली मांजर, तिघंही आत मावली. उषाबाईंनी बोट लावून पाहिलं. "मंडपाले चांगलं होईल," म्हणाल्या. मी रात्रीचं जेवण न जेवता ती सगळी उसवली. हे निकेश सांगतात. माझ्या आठवणीत मी जेवले होते, फक्त बोलले नव्हते.

मग एकोडीला जाऊन प्रत्यक्ष माप घेतलं. लखननं शहाण्यासारखं घेऊ दिलं. कलेक्टरच्या वेळी मी टेप पोटाखालून ओढला. पुढचं वर आलंच आहे. गोठ्यातली बादली कौलावर सापडली.

थांबा. उठली.

आले. पेज झाली. पेजेतली निम्मी माझ्या बाहीवर आहे. आता ती पालथी पडून लोकरीच्या पिशवीकडे सरकते आहे, म्हणजे माझ्याकडे थोडाच वेळ आहे.

झूल एकसंध विणायची म्हणजे इतके टाके सरळ सळईवर मावत नाहीत. त्याला गोल सळई लागते: दोन टोकदार धातूच्या सुया आणि मधे जोडणारी लवचीक वायर. निकेशनी ऑनलाईन मागवून दिली. शेपटीच्या बाजूनं सुरुवात, मानेशी शेवट. लखनची झूल झाली. घातल्यावर तो असा दिसला, की आत्याबाईंनी त्याची दृष्टच काढली. कलेक्टरची मात्र खुशबूच्या दातांत अडकली. तिला वरचे दात येत होते; रडली की मी तिला घेऊन फिरायचे, आणि काखेत लोकरीचा गुंडा. पटाचा दिवस उजाडला तेव्हा फक्त मानेकडची काठाची पट्टी विणून टाके बंद करायचे राहिले होते. मी म्हटलं, त्यात काय, मैदानावर करीन. विणणाऱ्या बायका हे वाक्य नेहमी म्हणतात. हळदीच्या दिवशी, बाळंतपणाच्या खोलीत, कुठेही म्हणतात.

पट शेजारच्या गावी होता. धानाच्या बांध्या सपाट करून दोन सरळ पट्टे काढले होते. एकेका पट्ट्यावर एकेक जोडी, छकड्याला जुंपलेली. दुतर्फा माणसंच माणसं, आलूबोंड्यांचा वास, उकडलेल्या शिंगाड्यांच्या टोपल्या, आणि माईकवर एक माणूस घसा फाटेस्तोवर जोड्यांची नावं पुकारत होता. मला असा चेव आला होता! आत्याबाई खुशबूला घेऊन सतरंजीवर बसल्या. मी खांद्याला पिशवी, पिशवीत गुंडा, आणि गुंड्याचा धागा थेट कलेक्टरच्या मानेवरच्या सळईपर्यंत, अशी त्याच्या बाजूला उभी राहून विणू लागले. कलेक्टर नेहमीप्रमाणे डोळे मिटून. मामाजी त्याची वेसण धरून. ते माझ्याकडे बघत नव्हते, पण त्यांनी आपला गमछा काढून माझ्या बाजूनं उन्हाला आडवा धरला. बैलाला ऊन लागत होतं म्हणून असेल. तरी मी दोन टाके चुकले.

एवढ्यात समितीचे मारोतराव आले. गळ्यात शिट्टी, छातीवर बिल्ला, हातात नियमांचा कागद. शर्यतीचे नियम हल्ली कडक आहेत, आणि असावेतच: जनावराला मारायचं नाही, टोचायचं नाही, शॉक द्यायचा नाही.

"हे काय हाय?" मारोतरावांनी बोट दाखवलं.

"सळई."

"टोकदार हाय."

"विणायची आहे ना."

"दोन्हीकून टोकदार हाय. अन् मधात वायर?"

"गोल सळईला मधे वायरच असते."

मारोतरावांनी आवाज खाली आणला. "बॅटरी कुठी हाय?"

"बॅटरी नाही हो, लोकर आहे!"

"पिशवी उघडा."

मी उघडली. आतून गुंडा, लंगोट, दुधाची बाटली, खुळखुळा आणि पावडरचा डबा निघाला. मारोतरावांनी डबा हुंगला. "हे बैलाले लावता का?"

"बाळाला लावते!"

"मंग त्याच्यापाशी काहून आनलं?"

लोक जमले. मी, भंडाऱ्याच्या कॉलेजातून बी.ए. झालेली, सुनेसारखा पदर सावरून उभी असलेली बाई, बैलाला सुया टोचते अशी बातमी आलूबोंड्याच्या गाडीपर्यंत पोचली. जनावरांचे डॉक्टर तपासणीच्या टेबलामागून उठून आले, त्यांनी झुलीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "सुंदर आहे. माझ्या बायकोला दाखवायला पाहिजे." पण मारोतरावांचं त्यानं भागेना. त्यांनी कागद पुढे केला, आणि मी पिशवीवर ठेवून, भर मैदानात, माझ्या सहीनिशी लिहून दिलं: सदर झुलीत विद्युतप्रवाह नाही.

"ठीक. आता थे सुई जमा करा."

"आत्ता नाही काढता येणार. एवढी ओळ होऊ द्या, मग टाके बंद करते, मग घ्या."

"नियम म्हंजे नियम, बाई." आणि मारोतरावांनी एका सुईचं टोक चिमटीत धरलं आणि गोल सळई सर्रकन ओढून घेतली.

विणणारी बाई हे वाचत असेल तर तिच्या तोंडून आत्ता "अग्गं बाई" निघालं असेल. बाकीच्यांसाठी सांगते: सळईवरचे टाके म्हणजे कडी लावलेलं दार. सळई काढली, की उघडं. कलेक्टरच्या मानेवर ते सगळे टाके चिमणीच्या पिलांसारखे चोची उघडून बसले. आता धागा जरा ओढला, की एकेक ओळ उसवत जाणार. आणि धागा माझ्या हातात.

त्याच वेळी माईकवर आमची जोडी पुकारली गेली.

पुढचं सगळं एका दमात झालं, म्हणून मीही एका दमात सांगते. धनीराम, म्हणजे मामाजींची जोडी हाकणारा आमचा गावचा माणूस, छकड्यावर चढला होता. लखनची झूल काढून झाली होती. मामाजी कलेक्टरच्या पोटाखालची झुलीची गाठ सोडायला वाकले, आणि शेजारच्या पट्ट्यावरची जोडी इशारा व्हायच्या आधीच सुटली. ती सुटलेली कलेक्टरनं पाहिली. जन्मात कोणासाठी न उठलेला कलेक्टर असा उसळला, की मामाजींच्या हातून गाठ निसटली, धनीराम मागच्या मागे बसला आणि जोडी निघाली. झुलीसकट!

झुलीची मागची बाजू पोटाला घट्ट बांधलेली होती. पुढची मात्र मोकळी. वाऱ्यानं ती घसरली आणि मानेवरून खाली, पुढच्या पायांकडे लोंबायला लागली. अजून वीतभर खाली आली असती तर कलेक्टरच्या गुडघ्यात अडकली असती. तो पडला असता तर लखन पडला असता, छकडा उलटला असता, धनीराम... मला पुढचं सुचेना. माझ्या पिशवीतून गुंडा उड्या मारत बाहेर आला. माईकवाला ओरडत होता, "थे बाई! केशरी धागेवाली बाई! कृपया दोर सोडा! दोर सोडा बाई!" मारोतराव शिट्टी फुंकत होते. मी धागा सोडणारच होते.

तेवढ्यात त्या सगळ्या गोंगाटावरून एक आवाज आला, बांधीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाईल असा.

"अंजू! सोडू नोको! धर, अंजू, धर!"

मी धरला. दोन्ही हातांनी, पाय रोवून. जोडी पुढे, मी मागे, मधे धागा. आणि झूल उसवायला लागली. लोंबणारी पुढची ओळ गेली, तिच्यामागची गेली, सरसर सरसर. खुशबूच्या दातांच्या दिवसांत विणलेल्या ओळी गेल्या, उषाबाईंशी भांडून विणलेल्या गेल्या. झुलीचा काठ गुडघ्यांवरून वर उचलला, छातीशी आला, छातीवरून मागे गेला. कलेक्टरचे पाय मोकळे! आणि मोकळ्या पायांनी तो असा धावला, बाप्पा, असा धावला! लोक उभे राहून नाचत होते. कोणीतरी ओरडलं, "थे पाय बे! बाई बैलाचा पतंग उडवून राहिली!" माझी बोटं चटचट भाजत होती आणि मला काही कळत नव्हतं. सगळा पट बैलांकडे बघत होता, आणि मी मनात एकच घोकत होते: माहीत आहे! त्यांना माझं नाव माहीत आहे!

शेवटच्या खुंटाच्या पलीकडे धागा तटकन तुटला. धनीरामनं जोडी आवरली. कलेक्टर परत आला तो कमरेला केशरी-हिरवा पट्टा बांधून, मिरवणुकीत आल्यासारखा.

आमची जोडी त्या दौडीत इतकी पुढे होती, की दुसरी दिसलीसुद्धा नाही. पण दौड बाद झाली. इशाऱ्याआधी सुटल्या म्हणून दोन्ही जोड्यांना पुन्हा पळावं लागलं. दुसऱ्या खेपेला कलेक्टर निम्म्या वाटेत मागे वळून पाहू लागला. धागा शोधत होता, असं निकेश म्हणतात. मानेएवढ्या फरकानं आम्ही हरलो. मारोतरावांनी मला सळई कागदात गुंडाळून परत दिली, आणि पोच लिहून घेतली.

घरी येताना मामाजी एक शब्द बोलले नाहीत. मला नाही, खुशबूला नाही, भिंतीलाही नाही. वर्षभराची मेहनत होती त्यांची. पहाटे उठून बैलांना चालवणं, ढेप, चोळणं. मैदानात मी रिकाम्या हातानं जायला हवं होतं, आणि मी सळई घेऊन गेले होते. आत्याबाई म्हणाल्या, "असू दे व, होते असं." त्यानं तर मला जास्तच रडू आलं. हाक मारली ती भीतीनं मारली असेल. बैल वाचवायला माणूस कोणालाही हाक मारतो. आता भिंतीचे दिवस परत येणार, असं धरून मी दुसऱ्या दिवशी पिशवी भरायला घेतली. वरठीला निघायचं होतं. निकेश गाडी पुसत होते, खुशबू माझ्या मांडीवर झोपली होती.

मामाजी सकाळपासून दिसत नव्हते. ते आले तेव्हा ऊन चढलं होतं. धोतर धुळीनं भरलेलं, आणि उजव्या हाताला, अंगठ्यापासून कोपरापर्यंत, लोकर गुंडाळलेली. कासरा गुंडाळतात तशी, आडवी-उभी, घट्ट. त्यांनी सगळा पट्टा पायी चालून धागा गोळा केला होता. त्यात तणसाच्या काड्या होत्या, एक शिंगाड्याचं साल होतं, आणि आलूबोंड्याचा कागदही.

ते ओसरीवर माझ्यासमोर बसले. हात पुढे धरून. त्यांनी खुशबूकडे पाहिलं. मी समजले, आता निरोप येणार. मी तिला उठवायला तिच्या तळव्याला हात लावला.

"झोपू दे पोरीले," मामाजी म्हणाले. "तुलेच सांगून राहिलो."

निकेशचा गाडी पुसायचा फडका थांबला. आत भांडं वाजलं, आणि आत्याबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"काल... तू धरलं नसतं, त कलेक्टर पायात गुतून मेला असता." मामाजी लोकरीकडे बघत बोलत होते, पण लोकरीशी नाही. "येवढं मेहनतीचं होतं. उसवू देलं तू. चांगलं केलं, अंजू."

 मी त्यांच्या हातावरच्या लोकरीचं टोक शोधलं आणि गुंडा करायला लागले. ते हात डावीकडे-उजवीकडे झुकवत राहिले, धागा सुटायला सोपा जावा म्हणून. हे शिकवावं लागत नाही, आयुष्यभर दोर हाताळलेल्या माणसाला.

गुंडा निम्मा झाला तेव्हा त्यांनी घसा खाकरला.

"कलेक्टरची झूल आता पुढच्या सालाले. घाई नाई."

"हो."

"त्याच्या आंधी..." ते थांबले. खुशबूकडे पाहिलं, जणू तिनं मदत करावी. ती झोपेत ओठ हलवत होती. मग त्यांनी स्वतःच सांगून टाकलं. "त्याच्या आंधी एक गलपट्टा होईल का? मले. मले बी थंडी वाजते."

मी मान डोलावली. "होते," या खेपेला हळूच म्हटलं.

मामाजींनी मोकळ्या हातानं कमरेला खोचलेला दोर काढला, हातभर लांब, आणि माझ्यासमोर ठेवला. त्याला आधीच एक गाठ मारलेली होती.

तो दोर आता वरठीला आहे. उषाबाई सकाळपासून दोनदा विचारून गेल्या, "रिकामा दोर हाय का व तुयाकडे?" मी नाही म्हटलं. तो माझ्या उशीखाली आहे, आणि खुशबू आत्ता तिकडेच सरकते आहे.